वॉर्डातल्या सिस्टर खचत चालल्या आहेत. इनचार्जच्या हातात नेमके काय असते?

परिसेविका_मेडिसिन

मी मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयात स्त्री मेडिसिन वॉर्डची इनचार्ज आहे. कागदावर वॉर्ड चाळीस खाटांचा आहे, पण डेंग्यूच्या दिवसांत दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या घालाव्या लागतात आणि रुग्णसंख्या साठीच्या पुढे जाते. मॉर्निंगला तीन सिस्टर मिळाल्या तर तो दिवस चांगला म्हणायचा. इव्हनिंगला दोघी असतात आणि रात्री आठ ते सकाळी आठ एकटी सिस्टर व एक मावशी असते.

माझ्या वॉर्डातील एक अनुभवी सिस्टर, जिच्या हाताला अवघडातली अवघड शीर सापडते म्हणून शेजारच्या वॉर्डातूनही बोलावणे येते, ती गेल्या काही महिन्यांत पार बदलली आहे. नातेवाइकांनी काही विचारले तर ती वर न पाहता उत्तर देते, ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणे, दोन वाक्यांत उरकते, आणि परवा तिच्या टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) ओळीने आठ रुग्णांचा रक्तदाब १२०/८० लिहिलेला मला दिसला. विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मोजला असता तरी पुढे कोण बघणार होते?" तिच्यावर आळशीपणाचा आरोप कुणीही करू शकणार नाही, म्हणूनच मला या उत्तराची धास्ती वाटली. दुसरी एक सिस्टर नव्या भरतीत आली आहे. ती ड्युटी रूममध्ये रडते आणि डोळे पुसून पुन्हा कामाला लागते.

प्रशासनाने ताणतणाव व्यवस्थापनावर एक व्याख्यान ठेवले होते. ते दुपारी होते, त्यामुळे नाईट करून गेलेल्या सिस्टरना झोपेतून उठून यावे लागले. नवीन पदे आणण्याचा अधिकार मला नाही, हे मला ठाऊक आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की, इनचार्ज म्हणून जे माझ्या हातात आहे त्यातले काय खरोखर उपयोगी पडते? आणि हा कामाचा शीण आहे की आजार आहे, हे कसे ओळखायचे?

निवृत्त_अधिसेविका

सिस्टर, तुमच्या हातात ड्युटी चार्ट आहे, आणि ती लहान गोष्ट नाही. वॉर्डातील माणसांची झोप, जेवण, मुलांची शाळा आणि घरातले भांडणसुद्धा त्या एका कागदावर ठरते. म्हणून सुरुवात तिथून करावी, असे माझे मत आहे.

प्रथम इव्हनिंगनंतर लगेच येणारी मॉर्निंग काढून टाका. कागदावर रात्री आठ ते सकाळी आठ असे बारा तास दिसतात. प्रत्यक्षात ओव्हर देऊन बाहेर पडायला पावणेनऊ, एसटीने किंवा रिक्षाने घरी पोहोचायला दहा, मग स्वयंपाकघर आवरणे, आणि पहाटे पाचला उठून डबे. झोप उरते पाच तासांची. युरोपात दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तास विश्रांती देणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे घड्याळात तेवढे तास भरतात, पण सिस्टरच्या वाट्याला ते येत नाहीत. पाळ्यांचा क्रम मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट असा पुढे सरकणारा ठेवला तर शरीर त्याच्याशी लवकर जुळवून घेते, उलटा फिरवला तर फार त्रास होतो. नाईट संपल्यानंतरचा दिवस म्हणजे सुट्टी नव्हे, कारण तो झोपेतच जातो. त्यानंतरची खरी सुट्टी कोणत्याही कारणाने रद्द करायची नाही, असा वॉर्डापुरता अलिखित नियम करा. चार्ट निदान पंधरा दिवस आधी लावा. ज्या बाईला पुढच्या गुरुवारी आपण कुठे असू हे माहीत नसते, तिचे थकणे सुट्टीतसुद्धा थांबत नाही.

दुसरे, नर्सिंगचे नसलेले काम मोजा. लिननची मोजणी, डेड स्टॉक म्हणजे टिकाऊ सामानाची नोंद, इंडेंट म्हणजे मागणीपत्र घेऊन भांडारात जाणे, बंद पडलेल्या सक्शन मशीनसाठी तीन-तीन फोन करणे, एकच माहिती रजिस्टरमध्ये आणि पुन्हा संगणकावर भरणे. एका मॉर्निंगला यात किती वेळ जातो ते लिहून काढले तर तीन सिस्टरपैकी एक जवळपास कारकुनीच करते आहे, असे तुमच्या लक्षात येईल. यातले काही काम अधिसेविकेच्या, म्हणजे रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुखाच्या, एका आदेशाने दुसरीकडे जाऊ शकते, आणि तुम्ही मागितल्याशिवाय ते जाणार नाही.

रक्तदाबाच्या त्या नोंदींबद्दल स्पष्ट बोलते. त्या प्रकाराकडे डोळेझाक करू नका, पण थेट मेमोही देऊ नका. न मोजलेला आकडा लिहिणे धोक्याचे आहे, हे तिला एकांतात सांगा. आणि त्याच बैठकीत ठरवा की ज्या पाळीत सगळ्यांचे मोजणे शक्य नसेल त्या पाळीत आधी कोणाचे मोजायचे, आणि उरलेल्या रकान्यात "कर्मचारी अपुरे, घेतला नाही" असे लिहायचे. तो रकाना भरलेलाच हवा असा आग्रह आपण वरिष्ठच धरत असतो. मग सिस्टर तो भरतात.

मानसोपचार_परिचारिका

इनचार्ज मॅडम, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू आहे, बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी, कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. "पुढे कोण बघणार होते" या तुमच्या सिस्टरच्या एका वाक्यात यातली दुसरी आणि तिसरी अशी दोन्ही अंगे आहेत.

नैराश्य आणि बर्नआउट यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात, तरी ढोबळ फरक करता येतो. कामाचा शीण बहुधा कामाशी बांधलेला असतो. आठ-दहा दिवस गावी गेल्यावर माणूस थोडे हसू लागते, आवडीची गोष्ट पुन्हा आवडते, आणि परत येण्याच्या आदल्या दिवशी छातीत धडधड सुरू होते. नैराश्य गावीसुद्धा सोबत येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक जाणे, स्वतःला नालायक समजणे, असे दिसले तर ड्युटी चार्ट बदलून भागणार नाही. डॉक्टरांना दाखवावे लागेल. "सगळे संपवावे असे वाटते" या अर्थाचे बोलणे कानावर आले तर ते थट्टेवारी नेऊ नका, सरळ विचारा, तिला त्या वेळी एकटी सोडू नका. परिचारिकेच्या हाताशी औषधांचे कपाट असते, ही गोष्ट आपण विसरून चालत नाही.

पण मनाकडे वळण्याआधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि पांढरा गणवेश घातल्याने कुणी त्या आकड्याबाहेर जात नाही. हिमोग्लोबिन आठ असताना जिना चढून दम लागणाऱ्या सिस्टरला आपण श्वसनाचे व्यायाम शिकवतो, हे मी पाहिले आहे. थायरॉइड, साखर आणि पाळीच्या काळातील अति रक्तस्राव यांचीही चौकशी व्हावी. दुसऱ्याचे नमुने रोज प्रयोगशाळेत पाठवणाऱ्या बायका स्वतःचा नमुना वर्षानुवर्षे देत नाहीत.

एक व्यावहारिक अडचण सांगते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक बहुधा तुमच्याच रुग्णालयात बसत असेल. तरी तुमची सिस्टर तिथे जाणार नाही. केस पेपर काढणारा कारकून ओळखीचा, बाकावर बसलेली मावशी ओळखीची, संध्याकाळपर्यंत साऱ्या आवारात बातमी. म्हणून "ओपीडीत दाखव" एवढे सांगून थांबू नका. तेथील मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ओपीडीच्या वेळेबाहेर भेट ठरवता येते, किंवा शेजारच्या जिल्ह्यात पाठवता येते. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. नाईटच्या मधल्या वेळी, कुणी ऐकत नसताना, तिथे फोन करणे तिला कदाचित सोपे जाईल.

आयसीयू_ब्रदर_पुणे

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. इनचार्जने चार्ट सुधारावा, रक्त तपासावे, हे सगळे बरोबर आहे. पण त्यातून असे चित्र उभे राहते की माणसे कमी असली तरी ती नीट मांडली की प्रश्न सुटेल. तो सुटत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ती तुलना एका परिचारिकेमागे चार रुग्ण आणि आठ रुग्ण, अशा टप्प्यातली होती. मॅडमच्या वॉर्डात रात्री साठ रुग्णांमागे एक सिस्टर आहे. त्या आलेखावर हा बिंदू कुठे मांडायचा, ते मला सांगता येत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवण्याच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. यातले शेवटचे ३० टक्के सगळ्यात आधी गायब होतात, आणि मग कुणाच्या घरी लग्न असो की मयत, रजा म्हणजे मैत्रिणीवर टाकलेला बोजा ठरतो. मग माणूस रजा मागायचीच सोडतो.

खासगीत वेगळेच दुखणे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर शासकीय परिचारिकेइतके. माझ्याबरोबर शिकलेली काही मुले-मुली आजही त्या २०,००० च्या आत काम करतात आणि भागत नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी ड्युटी घेतात. त्यांना विश्रांतीचे महत्त्व कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्याकडे १२ मेला, परिचारिका दिनी, केक कापला जातो आणि योगासनांचे सत्र होते. नाईट करून आलेल्यांना त्याची उपस्थिती सक्तीची असते, तेव्हा शवासनात निम्मे लोक खरोखर झोपतात, आणि माझ्या मते त्या सत्राचा तेवढाच उपयोग होतो.

योगाला माझा विरोध नाही. ज्या व्यवस्थेने थकवले तिनेच "तुम्ही ताण हाताळायला शिका" असे सांगणे मला पटत नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा मागणी कायम पदांची होती. बर्नआउटवर त्याहून नेमके औषध मला अजून कुणी सुचवलेले नाही.

कार्डिफची_सिस्टर

मी मूळची सांगलीची, सध्या वेल्समध्ये मेडिसिन वॉर्डात काम करते. ब्रदरांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त एक भर घालते. इथे २०१६ मध्ये परिचारिकांच्या संख्येविषयी कायदा झाला. त्यानुसार प्रौढांच्या मेडिसिन आणि सर्जरी वॉर्डांसाठी किती परिचारिका हव्यात, हे केवळ खाटा मोजून ठरत नाही. रुग्ण किती गंभीर आहेत, पडझड, बेडसोर आणि औषधांच्या चुका किती झाल्या, आणि परिचारिकांचे स्वतःचे मत काय, हे सारे एकत्र पाहावे लागते. वॉर्ड सिस्टरला त्या संख्येत धरत नाहीत, कारण तिने देखरेख करायची असते. तरीही इथे माणसे थकतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये येथील परिचारिकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने तिच्या शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासातला पहिला देशव्यापी संप केला. म्हणजे कायदा झाला की सारे आलबेल होते, असेही नाही.

तुमच्या वॉर्डात पैसे न लागता करता येईल अशी एक गोष्ट मला इथे पाहायला मिळाली. मृत्यू झाला, विशेषतः तरुण बाईचा किंवा बाळंतिणीचा, किंवा कुणाच्या हातून औषधात चूक झाली, तर त्या पाळीतल्या सगळ्यांना ओव्हरच्या आधी दहा मिनिटे एकत्र बसवतात. काय घडले, काय करता आले असते, आणि आता कोण घरी एकटे जाणार आहे, एवढेच बोलायचे. दोष ठरवण्याची ती जागा नव्हे. आपल्याकडे बॉडी शवागारात गेली की खाटेवर पाच मिनिटांत पुढचा रुग्ण येतो, आणि त्या सिस्टरला पाणी प्यायलाही उसंत नसते. दहा मिनिटे शक्य नसतील तर तीन मिनिटे द्या. तुमच्या नव्या सिस्टरला तर आणखी एका गोष्टीची गरज आहे: पहिले काही महिने तिला रात्री एकटी ठेवू नका, आणि तेवढे करता येत नसेल तर शेजारच्या वॉर्डातल्या कुणा अनुभवी सिस्टरला "रात्री हिच्या हाकेला तू" असे नाव घेऊन सांगून ठेवा.

निवृत्त_अधिसेविका

ब्रदरांचा राग रास्त आहे, आणि माणसे कमी असल्याचे मीही नाकारलेले नाही. पण इनचार्जने केवळ वाट पाहत बसावे, हे मला पटत नाही. पदे भरली जाईपर्यंत त्या वॉर्डात आज रात्री कुणीतरी उभे आहे. आधी लिहायचे राहिले ते सांगते. नातेवाइकांनी शिवीगाळ किंवा धक्काबुक्की केली तर सिस्टरला एकटीने पोलीस ठाण्यात पाठवू नका. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, त्यात परिचारिका स्पष्टपणे येतात, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. तक्रार रुग्णालयाच्या वतीने जावी, असा आग्रह धरा. माराचे वळ जातात. आपल्या बाजूने कुणी उभे राहिले नाही, हे मात्र सिस्टर नोकरीभर धरून ठेवतात.

परिसेविका_मेडिसिन

सर्वांचे आभार. चार्टमधील इव्हनिंग-मॉर्निंगची जोडी या महिन्यापासून काढते आहे. त्यासाठी दोन सिस्टरच्या सोयीच्या पाळ्या हलवाव्या लागतील आणि त्या नाराज होतील, पण ते बोलून घेईन. मोठ्या सिस्टरशी काल बोलले. हिमोग्लोबिन तपासायला ती तयार झाली, मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढताच गप्प बसली. १४४१६ हा क्रमांक मी तिला लिहून दिला आहे आणि पुन्हा विषय काढणार आहे. नव्या सिस्टरच्या नाईटसाठी शेजारच्या वॉर्डच्या इनचार्जने होकार दिला.

एक शंका उरते. अपुऱ्या संख्येबद्दल मी पूर्वीही तोंडी सांगितले आहे, आणि "सगळीकडे हेच आहे" असे उत्तर मिळाले आहे. लेखी दिले तर ते फाइलमध्ये जाऊन पडेल आणि माझ्यावर मात्र तक्रारखोर असा शिक्का बसेल. तरीही द्यावे का?

निवृत्त_अधिसेविका

द्यावे, पण तक्रार म्हणून देऊ नये, दर आठवड्याचा अहवाल म्हणून द्यावे. विशेषणे अजिबात घालू नका. तारीख, पाळी, मंजूर खाटा, प्रत्यक्ष रुग्ण, त्यातले गंभीर किती, हजर सिस्टर किती, आणि त्या पाळीत कोणते काम होऊ शकले नाही, एवढेच रकाने ठेवा. गादीवरचे रुग्ण वेगळे दाखवा, कारण पदांचे गणित खाटांवर चालते आणि जमिनीवर झोपलेली बाई त्या गणितात कुठेच नसते. पत्र योग्य मार्गाने अधिसेविकांकडे द्या, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना लावा, आवक क्रमांक घ्या आणि पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.

ते फाइलमध्ये पडेल, हे खरे आहे. परंतु उद्या त्या वॉर्डात काही विपरीत घडले आणि चौकशी बसली, तर रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरच्या बाजूने बोलणारा कागद तेवढाच असेल. शिवाय पदांचा प्रस्ताव पाठवायची वेळ आली की कार्यालयाला आकडे लागतात, आणि ते ज्या वॉर्डाने आधीपासून लिहून ठेवलेले असतात त्याचाच विचार आधी होतो. शेजारच्या वॉर्डांच्या इनचार्जनाही हाच नमुना द्या. एकाच रुग्णालयातून दर सोमवारी सहा वॉर्डांचे सारखे अहवाल आले, तर शिक्का कुणा एकीवर बसणार नाही.